इंजिन खडखडतंय? खोलायच्या आधी ऐकू या

गाडी दहा-पंधरा वर्षांची झाली आणि बॉनेटखालून खडखड यायला लागली की ‘इंजिन गेलं’ असं सांगणारं कुणीतरी भेटतंच. घाई करू नका. आमच्या चिपळूणच्या गॅरेजात आम्ही बाहेरून आत जातो: आधी पत्रे, मग बेल्टवर फिरणाऱ्या वस्तू, सगळ्यात शेवटी इंजिन. उलट्या क्रमाने गेलं की गिऱ्हाइकाचे पैसे जातात आणि आवाज तिथेच राहतो.

गाडी आणताना

‘आवाज येतो’ यापेक्षा थोडं जास्त सांगा. थंड इंजिन सुरू करताच येतो की गरम झाल्यावर? उभ्या गाडीत रेस दिली तरी येतो की फक्त चढावर? क्लच दाबला की थांबतो का? एसी लावला की वाढतो का? ऑइल शेवटचं कधी बदललं? सकाळच्या पहिल्या स्टार्टलाच वाजत असेल, तर गाडी आदल्या संध्याकाळी आणून ठेवा. गुहागरहून चालवत आणलेल्या गरम गाडीत तो आवाज कितीही शोधला तरी सापडत नाही.

आधी पत्रा

एक्झॉस्टच्या गरम भागांवर पातळ पत्र्याचं आवरण असतं, त्याला हीट शील्ड म्हणतात. किनाऱ्याकडच्या खाऱ्या हवेत त्याची बोल्टाची भोकं गंजून मोठी होतात आणि पत्रा सुटा होतो. याची खूण अशी, की एका ठरावीक रेसलाच तो जोरात वाजतो. त्याच्या खाली-वर गप्प. त्या वेगाला इंजिनाची थरथर पत्र्याच्या स्वतःच्या थरथरीशी जुळते, म्हणून. आमच्यातला एक जण रेस तिथेच धरून ठेवतो, दुसरा लांब लाकडी काठीने पत्रा दाबतो. आवाज थांबला, की चोर सापडला. रुंद वॉशर आणि नवा बोल्ट, नाहीतर स्टीलची मोठी क्लिप, एवढ्यात काम होतं. पत्रा काढून फेकून द्या, असं मात्र कुणी सांगितलं तर ऐकू नका. शेजारून वायरिंग गेलेलं असतं, आणि गाडी कधी वाळल्या गवतावरही उभी राहते.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा डबा, आतून फुटला असेल, तर गार झाल्यावर रबरी हातोडीने ठोकून पाहिला की डब्यात खडे भरल्यासारखा वाजतो.

मग बेल्ट

अल्टरनेटर, वॉटर पंप, एसीचा कॉम्प्रेसर यांपैकी कुणाचं बेअरिंग गेलंय हे बघायला आम्ही बेल्ट उतरवून इंजिन काही सेकंदच चालवतो. जास्त नाही, कारण बऱ्याच गाड्यांत वॉटर पंपही त्याच बेल्टवर असतो. आवाज गेला, तर इंजिन निर्दोष. मग बेल्ट परत चढवून लांब डिसमिसचं टोक एकेका भागावर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची. खराब बेअरिंगची घरघर स्पष्ट कळते. हा प्रयोग घरी करू नका. रेडिएटरचा पंखा न सांगता सुरू होतो.

इंजिनाच्या आत

हलकी, एकसारखी टकटक बहुधा टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांची. मारुती ८०० मध्ये ती थंड इंजिनावर गेज लावून स्क्रूने जुळवता येतात. किरकोळ काम आहे. १.३ लिटरच्या जुन्या स्विफ्ट डिझेलमध्ये तसा स्क्रू नसतो, तिथे आधी ऑइल बघावं लागतं. त्याच इंजिनात व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणारी टायमिंग चेन आहे आणि तिला ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. सकाळी क्षणभर खरखर होऊन थांबते, तोवर लक्ष ठेवा. लांबायला लागली तर पुढे ढकलू नका. चेनने दात सोडला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. (८०० ला चेन नसते, टायमिंग बेल्ट असतो. तुमच्या ८०० ची ‘चेन’ कुणी बदलायला काढली, तर आधी दाखवायला सांगा.)

कुंभार्ली घाटात वरच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर पेट्रोल गाडी किणकिणते, ते ‘ठोकणं’. आधी गिअर खाली घ्या. तरी राहिलं तर इग्निशन टायमिंग, स्पार्क प्लग आणि कार्बन तपासू.

जड, खोल ठकठक, आणि लोड आला की वाढणारी, ही खरी काळजीची. प्लगच्या वायरी आळीपाळीने काढून बघतो. ज्या सिलिंडरची वायर काढल्यावर आवाज कमी होतो, तिथलं कनेक्टिंग रॉडचं (पिस्टनला जोडलेल्या दांड्याचं) बेअरिंग संशयित. इथे इंजिन खोलावंच लागतं. चालत्या गाडीत ऑइलचा लाल दिवा लागला, तर बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि आम्हाला फोन करा. ‘हळूहळू आणतो’ म्हणू नका, टोचन करून आणू.

जाड ऑइल ओतून आवाज दाबायचं काम आम्ही करत नाही. विकायच्या गाडीत असं केलेलं असू शकतं, म्हणून जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी ती थंड असताना स्वतः स्टार्ट करून पाहावी.

आवाज शोधण्याची मजुरी वेगळी आहे. दुरुस्ती आमच्याकडे केलीत तर बिलातून वजा होते. इंजिन खोलायचं असेल तर आधी खर्चाचा अंदाज लिहून देतो, तुम्ही हो म्हटल्याशिवाय पाना लावत नाही. काढलेले जुने भाग डिकीत ठेवलेले असतील, नको असतील तर सांगा.