सर्जनशील मूल ‘उजव्या मेंदूचे’ असते का?

चलचित्रातील फिरणारी नर्तकी मुलाला एका दिशेला वळताना दिसली तर ते उजव्या मेंदूचे, म्हणून कलावंत, आणि उलट दिसली तर डाव्या मेंदूचे, म्हणून गणिती, असा संदेश बरीच वर्षे फिरतो आहे. त्यामागे एक खरा धागा आहे. १९६०च्या दशकात अपस्मारावरील उपचार म्हणून ज्यांच्या मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारा तंतुपट्टा छेदला गेला होता, अशा रुग्णांच्या अभ्यासातून दोन्ही बाजूंच्या कामांत काही फरक असल्याचे दिसले. भाषेचे काम बहुतेकांत डावीकडे अधिक चालते. परंतु त्यावरून माणसांचे दोन प्रकार पडत नाहीत. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, हजाराहून अधिक जणांच्या मेंदूच्या प्रतिमा तपासणाऱ्या अभ्यासात कोणाचाही एक अर्धगोल सर्वत्र वरचढ असल्याचे आढळले नाही.

नर्तकीची परीक्षा घरीही घेता येते. ती केवळ छायाकृती असून तिचा कोणता भाग पुढे आणि कोणता मागे हे सांगणारी खूण तिच्यात नसते. नजर काही वेळ पावलांवर ठेवली की दिशा बहुधा पालटते, मेंदू मात्र तोच असतो.

वर्गात ठिपक्यांची रांगोळी काढायला द्यावी: ठिपके मोजणे, दोन्ही बाजू जुळवणे आणि नवी नक्षी सुचणे ही कामे एकच मूल एकाच वेळी करताना दिसते.