नावबदलाचा दावा आणि न्यायालयातील अडथळे : पक्षकारांसाठी माहितीपत्रक

नाव बदलून घेण्यासाठी किंवा नावातील चूक दुरुस्त करून घेण्यासाठी आमच्या कार्यालयात येणाऱ्या पक्षकारांना हे माहितीपत्रक दिले जाते. नाशिकच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात किंवा निफाड, सिन्नर, दिंडोरी, येवला यांसारख्या तालुक्यांच्या न्यायालयांत असा दावा चालतो तेव्हा तो कुठे अडू शकतो आणि अडल्यास काय करावे, एवढाच याचा विषय आहे. आमच्या मते असे दावे बहुधा वादीला हक्क नाही म्हणून अडत नाहीत. प्रतिवादी चुकीचा निवडलेला असतो, नोटीस दिलेली नसते, मुदतीचा विचार झालेला नसतो, पुरावा अपुरा असतो किंवा मागितलेली दादच अपुरी असते. या पाचही गोष्टी दावा दाखल करण्यापूर्वी सुधारता येतात. त्यामुळे कागद घाईने तयार करून घेण्याचा आग्रह पक्षकारांनी धरू नये, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

दावा लागतो का, हे आधी ठरवावे

प्रौढ माणसाला नाव बदलायचे असेल तर न्यायालयात जावेच लागते, असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. महाराष्ट्रात नावबदलाची जाहिरात महाराष्ट्र शासन राजपत्राच्या भाग दोनमध्ये प्रसिद्ध होते, तिचा अर्ज ऑनलाइन भरता येतो आणि आधार, पॅन, बँक यांसारख्या बहुतेक कामांना ती पुरते. आधारवरील नाव सर्वसाधारणपणे आयुष्यात दोनदाच बदलता येत असल्याने नव्या नावाचे नेमके लेखन एकदा पक्के करून मगच राजपत्राचा अर्ज भरावा. सातबाऱ्यावर बापाचे नाव चुकले आहे किंवा घरात हाक मारण्याचे नाव लागले आहे, अशी तक्रार घेऊन पिंपळगाव, ओझरकडचे बागायतदार येतात. चूक केवळ लेखनाची असल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करणे हा तिचा मार्ग आहे. जन्मनोंदीतील चुकीसाठी जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १५ खाली निबंधकाकडे, म्हणजे शहरात महापालिकेच्या ज्या विभागीय कार्यालयात ती नोंद आहे तेथे, अर्ज करावा. तृतीयपंथी व्यक्तींना २०१९ च्या अधिनियमाखाली जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळखीचे प्रमाणपत्र मिळाले की त्याच्या आधारे जन्मदाखल्यातील व इतर अधिकृत कागदपत्रांतील पहिले नाव बदलून घेण्याचा हक्क कायद्यानेच दिलेला आहे.

शाळेच्या नोंदीबाबत मात्र थोडे थांबून समजून घ्यावे. विद्यार्थी शाळेत असेपर्यंत माध्यमिक शाळा संहितेनुसार जनरल रजिस्टरमधील नाव बदलता येते. शाळा सोडल्यानंतर तसा बदल होत नाही. पण उघड दिसणारी चूक असल्यास ती शाळा सोडल्यानंतरही दुरुस्त करता येते, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१९ मध्ये दिला आहे. तेव्हा मुख्याध्यापकांनी ‘आता काही होणार नाही’ असे तोंडी सांगितले, तरी अर्ज लेखीच द्यावा, त्याच्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्यावा आणि उत्तरही लेखी मागावे. या एका कागदाचे महत्त्व पुढे मुदतीच्या मुद्द्यात दिसेल.

राजपत्र असूनही शाळा किंवा परीक्षा मंडळ प्रमाणपत्र बदलून देण्यास नकार देते, तेव्हा दिवाणी दाव्याचा प्रश्न येतो. राजपत्रातील अशा जाहिरातीतील मजकुराच्या सत्यतेची जबाबदारी शासन घेत नाही, असे राजपत्रातच छापलेले असते. त्यामुळे केवळ तिच्यावर विसंबून जुनी परीक्षा-नोंद बदलण्यास अधिकारी कचरतात, हे समजण्यासारखे आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३ जून २०२१ रोजी जिग्या यादव प्रकरणात केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाबाबत निर्णय देताना म्हटले, की आपले नाव आपल्या इच्छेप्रमाणे धारण करणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(१)(अ) मधील अभिव्यक्ती-स्वातंत्र्याचा भाग आहे, मात्र त्यावर वाजवी निर्बंध असू शकतात. शाळेच्या नोंदीशी जुळवून घेण्याची ‘दुरुस्ती’ आणि पूर्णपणे नवे नाव घेण्याचा ‘बदल’ यांत त्या न्यायालयाने फरक केला असून, स्वेच्छेने नवे नाव घेतले असेल तर न्यायालयाची परवानगी अथवा घोषणा (म्हणजे वादीचे नाव अमुक आहे असे न्यायालयाने जाहीर करणे) आणि राजपत्रातील प्रसिद्धी मागण्याची मुभा मंडळाला ठेवली आहे. आपले प्रकरण यांपैकी कोणत्या प्रकारात मोडते, हे पहिल्याच भेटीत ठरले पाहिजे.

प्रतिवादी कोण

पुष्कळ दाव्यांत फक्त महाराष्ट्र शासनाला प्रतिवादी केलेले असते. दावा चालतो, कोणी हजर राहत नाही, हुकूमनामा (निकालाचा औपचारिक आदेश) मिळतो आणि तो घेऊन वादी मंडळाच्या कार्यालयात गेला की ‘आम्ही या दाव्यात पक्षकार नव्हतो’ असे उत्तर येते. हे उत्तर उद्धटपणाचे वाटले तरी कायद्याला धरून आहे, कारण विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ३५ नुसार घोषणा ही त्या दाव्यातील पक्षकारांवर आणि त्यांच्यामार्फत हक्क सांगणाऱ्यांवरच बंधनकारक असते. म्हणून ज्या ज्या कार्यालयाची नोंद बदलायची आहे ते प्रत्येक कार्यालय, म्हणजे शाळा, नाशिक विभागीय मंडळ, विद्यापीठ, महापालिकेचा जन्म-मृत्यू निबंधक, यांपैकी जे लागू असेल ते, प्रतिवादी असलेच पाहिजे. दावा चालू असताना हे लक्षात आले तर हुकूमनाम्याची वाट न पाहता प्रतिवादी वाढवण्याचा अर्ज त्याच दाव्यात द्यावा. न्यायालये असा अर्ज सहसा मान्य करतात, पण तो पुरावा सुरू होण्यापूर्वी दिलेला बरा.

नोटीस

शासन किंवा सरकारी अधिकारी प्रतिवादी असल्यास दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० नुसार दोन महिने आधी लेखी नोटीस द्यावी लागते. राज्य शासनासाठीची नोटीस जिल्हाधिकारी कार्यालयात देता येते. तीत वादीचे नाव, वर्णन, पत्ता, दाव्यास घडलेले कारण आणि मागितलेली दाद असावी लागते. महापालिका प्रतिवादी असेल तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ४८७ मधील एक महिन्याच्या नोटिशीचा आक्षेपही घेतला जातो. त्यावर पुढे वाद घालत बसण्यापेक्षा ती नोटीस आधीच देऊन टाकावी, असा आमचा सल्ला असतो.

प्रवेशाची किंवा नोकरीत रुजू होण्याची तारीख जवळ आली असेल आणि दोन महिने थांबणे शक्य नसेल, तर कलम ८०(२) खाली न्यायालयाची परवानगी घेऊन नोटिशीविना दावा दाखल करता येतो. मात्र तातडी खरी आहे हे प्रवेशपत्र, नियुक्तिपत्र अशा कागदाने दाखवावे लागते, कारण तातडी नाही असे न्यायालयाचे मत झाल्यास नोटिशीची पूर्तता करण्यासाठी दावा परत केला जातो. परत केला म्हणजे फेटाळला असे नव्हे. नोटीस देऊन मुदत संपल्यावर तोच दावा पुन्हा सादर होतो. नोटिशीत किरकोळ त्रुटी राहिली, पण वादी कोण हे ओळखता येत असेल, ती योग्य कार्यालयात पोचली असेल आणि तीत कारण व दाद पुरेशी स्पष्ट असेल, तर तेवढ्यासाठी दावा फेटाळू नये, असे कलम ८०(३) सांगते.

मुदत

घोषणेच्या दाव्याला मुदत कायदा, १९६३ च्या अनुच्छेद ५८ नुसार तीन वर्षांची मर्यादा आहे आणि ती दावा करण्याचा हक्क प्रथम निर्माण झाल्यापासून मोजली जाते. चाळिशीतल्या व्यक्तीने दहावीच्या प्रमाणपत्रातील नावासाठी दावा केला की सहायक सरकारी वकील हमखास असा आक्षेप घेतात, की प्रमाणपत्र हातात पडले त्याच दिवशी चूक कळली होती. याला उत्तर देता येते, पण त्यासाठी कागद लागतो. एवढी वर्षे त्या नोंदीने अडले नाही, अमुक तारखेला अर्ज केला आणि अमुक जावक क्रमांकाच्या पत्राने तो नाकारला गेला, तेव्हा हक्काला बाध आला, हे दावाअर्जात तारखांसह लिहिलेले असले पाहिजे. दावाअर्जात तारीख नसेल आणि तो मुदतबाह्य दिसत असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७ नियम ११ खाली तो पुराव्यापर्यंत न पोचता नामंजूर होऊ शकतो. तसे झाले तर त्या आदेशावर अपील करता येते, आणि त्याच आदेश ७ च्या नियम १३ नुसार दोष दूर करून नवा दावा दाखल करण्यासही, मुदत शिल्लक असल्यास, आडकाठी नाही.

पुरावा आणि उलटतपास

नोटिशीनंतरही शासनाकडून कोणी हजर राहिले नाही, म्हणजे दावा आपोआप मंजूर होतो, असे समजू नये. एकतर्फी दाव्यातही वादीला आपले म्हणणे सिद्ध करावेच लागते. सरतपासाचे (वादीच्या स्वतःच्या साक्षीचे) शपथपत्र, मूळ दाखले, राजपत्राची प्रत, नव्या नावाने झालेले व्यवहार आणि शक्य असल्यास कुटुंबातील एखादा साक्षीदार, इतके तयार ठेवावे. न्यायाधीशांच्या मनात सहसा एकच शंका असते, की नाव बदलून ही व्यक्ती कर्ज, गुन्हा, वय किंवा जात यांपैकी काही लपवत तर नाही ना. ही शंका अपमानास्पद मानू नये. ती आपणहून दूर करावी. आपल्यावर कोणतेही दिवाणी वा फौजदारी प्रकरण प्रलंबित नाही, किंवा असल्यास अमुक आहे, असे शपथपत्रात स्पष्ट लिहावे. प्रलंबित प्रकरण लपवले आणि ते उलटतपासात, म्हणजे विरुद्ध बाजूच्या वकिलाच्या प्रश्नांत, बाहेर आले, तर चांगला दावाही तिथेच कमकुवत होतो. आडनाव बदलताना जातीचा उल्लेख दाव्यात आणू नये. जातीचे दाखले आणि त्यांची पडताळणी हा महाराष्ट्राच्या २००० च्या स्वतंत्र अधिनियमाचा विषय आहे, आणि दोन्ही एकत्र आणल्यास नावाचा साधा दावा विनाकारण गुंततो.

लेखनातील फरक हा आणखी एक नेहमीचा अडथळा आहे. एका दाखल्यावर ‘सुनीता’, दुसऱ्यावर ‘सुनिता’, इंग्रजी लेखनात तिसराच प्रकार, आणि दावाअर्जात चौथा, असे घडले की न्यायालयात आणि नंतर प्रत्येक कार्यालयात प्रश्न उभा राहतो. आम्ही पक्षकाराकडून जुने व नवे नाव देवनागरी आणि रोमन दोन्ही लिप्यांत स्वहस्ताने लिहून घेतो आणि त्याच कागदावरून पुढचे सर्व टंकलेखन करतो.

अज्ञान (अठरा वर्षांखालील) मुलाच्या वतीने दावा असेल आणि आईवडील विभक्त असतील, तर दुसऱ्या पालकाला पक्षकार करणे शहाणपणाचे असते. पुनर्विवाहानंतर मुलाचे आडनाव ठरवण्याचा नैसर्गिक पालक म्हणून आईचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये मान्य केला आहे. महाराष्ट्रात १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात स्वतःच्या नावानंतर आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम शासनाने ठरवला आहे. या मुलांच्या दाव्यात नाव त्याच क्रमाने लिहावे.

तारखा चुकल्यास

दावा दाखल झाल्यावर मिळणारा सोळा अक्षरांकांचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) जपून ठेवावा. ई-कोर्ट्सच्या ॲपवर पुढची तारीख त्यावरून घरबसल्या पाहता येते. प्रतिवादी हजर असताना वादी व त्याचे वकील दोघेही गैरहजर राहिले तर दावा काढून टाकला जातो आणि त्याच कारणासाठी नवा दावा करता येत नाही. अशा वेळी तीस दिवसांच्या आत, गैरहजेरीचे पुरेसे कारण दाखवून, तोच दावा फेरदाखल करण्याचा अर्ज द्यावा लागतो. दाव्यात मूलभूत दोष राहिला म्हणून तो काढून घ्यायचा असेल, तर नुसती पुरसिस (न्यायालयाला द्यायचे लेखी निवेदन) देऊन काढून घेऊ नये; दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २३ नियम १ खाली नवा दावा करण्याची मुभा मागून, ती आदेशात लिहून घेऊनच काढावा. ही एक ओळ राहून गेल्याने पुढचा मार्ग कायमचा बंद होतो.

दाद आणि हुकूमनामा

‘वादीचे नाव अमुक असल्याचे जाहीर व्हावे’ एवढीच दाद मागणे धोक्याचे आहे. पुढची दाद मागता येत असतानाही केवळ घोषणा मागितली, तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ३४ च्या परंतुकानुसार (त्या कलमाला जोडलेल्या अटीनुसार) न्यायालय घोषणा देऊ शकत नाही. म्हणून घोषणेबरोबर प्रत्येक प्रतिवादीने आपापल्या कोणत्या नोंदवहीत किंवा प्रमाणपत्रात, कोणत्या क्रमांकाच्या नोंदीत, कोणते नाव लिहावे, हे दादेत स्वतंत्रपणे मागावे. प्रमाणपत्राचा बैठक क्रमांक व वर्ष दादेत असेल तर आदेशातही येते, आणि मग मंडळाला काय करायचे हे विचारावे लागत नाही.

दावा फेटाळला गेल्यास तीस दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील करता येते. सही-शिक्क्याची नक्कल मिळण्यास लागलेला काळ त्यातून वजा होतो, म्हणून निकालाच्या दिवशीच नक्कल विभागात अर्ज द्यावा. शासकीय यंत्रणेचा नकारच बेकायदा असेल, तर काही प्रकरणांत मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका (शासकीय यंत्रणेला आदेश देण्यासाठी थेट उच्च न्यायालयात केलेला अर्ज) हा अधिक सरळ मार्ग ठरतो. त्याचा निर्णय कागदपत्रे पाहूनच घ्यावा.

दावा मंजूर झाला की हुकूमनामा हाती घेताच त्यातील नावाचे प्रत्येक अक्षर स्वहस्ते लिहून दिलेल्या कागदाशी ताडून पाहावे. लेखनचूक आढळल्यास दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५२ खाली त्याच न्यायालयात साधा अर्ज देऊन ती दुरुस्त करून मिळते, त्यासाठी अपील लागत नाही. नक्कल एकच न काढता प्रतिवादी कार्यालये जितकी आहेत तितक्या आणि स्वतःसाठी आणखी दोन काढाव्यात. मंडळाकडे जुने मूळ प्रमाणपत्र परत करण्यापूर्वी त्याच्या साक्षांकित प्रती करून घ्याव्यात, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नये.