मासा काय शेपटी पाण्याबाहेर काढते?

"सर, स्कल म्हणजे कवटी ना जी? मंग हे कवटीची शर्यत कोणती?"

२०२४ च्या जुलैचा शेवट. पॅरिस ऑलिंपिक नुकतंच सुरू झालं होतं आणि भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या पवनी तालुक्यात धानाची रोवणी जोरात होती. निम्मा वर्ग बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, निम्मा शाळेत. त्या निम्म्यातल्या एका मुलीने पेपरचं कात्रण माझ्या टेबलावर ठेवलं. भारताचा बलराज पंवार 'पुरुष सिंगल स्कल्स' प्रकारात उतरल्याची बातमी होती. विज्ञानाच्या तासाला सांगाड्याच्या आकृतीत तिने डोक्याच्या हाडांना स्कल लिहिलेलं पाहिलं होतं, म्हणून हा प्रश्न.

प्रश्न रास्त होता. इंग्रजीत कवटीचा स्कल 'के'ने लिहितात आणि वल्ह्याचा 'सी'ने, पण उच्चार अगदी एकच. देवनागरी उच्चाराला धरून चालते, त्यामुळे आपल्या पेपरात दोन्ही शब्द जुळ्या भावांसारखे दिसतात. तिला मी तिथल्या तिथे अर्धंच उत्तर दिलं. उरलेलं इथे लिहितो आहे.

आधी कवटी. मोठ्या माणसाच्या कवटीत २२ हाडं असतात. मेंदूभोवतीच्या पेटीची ८ आणि चेहऱ्याची १४. पेटीची हाडं एकमेकांना जिथे भिडतात तिथे नागमोडी, दातेरी शिवणी असतात. आपल्याकडे म्हणतात, पाचवीच्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते. कवटीवरच्या या वाकड्यातिकड्या रेघा म्हणजेच ते ब्रह्मलिखित, असं छातीठोक सांगणारे लोक मी स्वतः ऐकले आहेत. ते लिखाण नाही, सांधे आहेत. जन्माच्या वेळी ही हाडं सुटी असतात, म्हणून डोकं अरुंद वाटेतून येताना ती थोडी एकमेकांवर सरकतात. पुढे मेंदू वाढतो तशी कवटीही याच शिवणींपाशी वाढत जाते. दोन वर्षांच्या मुलाचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे ८० टक्के झालेला असतो. शिवणी आधीच बुजल्या असत्या तर तो मावला कुठे असता? पुढची टाळू साधारण दीड वर्षापर्यंत भरते. हगवण लागलेल्या बाळाची टाळू खोल गेलेली दिसली तर अंगातलं पाणी कमी झालं आहे, असं समजावं. तेव्हा अंगारा लावत बसू नये. ओआरएस पाजत दवाखाना गाठावा.

शब्दाचं म्हणाल तर कवटीचा स्कल बहुधा उत्तर युरोपातल्या भाषांमधून इंग्रजीत आला. त्या भाषांत वाडग्याला 'स्कोल' म्हणतात, आणि पेला उंचावतानाही तोच शब्द उच्चारतात. यावरून व्हायकिंग लोक शत्रूच्या कवटीतून दारू प्यायचे, अशी गोष्ट मोबाइलवर सारखी फिरत असते. तिचं मूळ एका चुकीच्या भाषांतरात आहे. जुन्या कवितेत 'कवटीच्या वाकड्या फांद्या' असा शब्दप्रयोग होता, म्हणजे जनावराची शिंगं. डेन्मार्कचे विद्वान ओले वोर्म यांनी १६३६ मध्ये छापलेल्या लॅटिन भाषांतरात त्या शिंगांच्या कवट्या झाल्या. पण डोकं आणि भांडं यांची सांगड पुष्कळ भाषांत आहे. संस्कृतात 'कपाल' म्हणजे कवटीही आणि भिक्षापात्रही. फ्रेंचमधला डोक्याचा शब्द तर लॅटिनमधल्या मडक्याच्या शब्दावरूनच आला आहे.

वल्ह्याच्या स्कलचा मात्र कवटीशी काही संबंध सिद्ध झालेला नाही. त्याचं मूळ शब्दकोशकारांनाही सापडलेलं नाही. आवाज सारखा म्हणून नातं जोडायचं, हा खेळ मराठी-संस्कृतातही पुष्कळ चालतो. मला तो मुळीच पटत नाही.

शर्यतीच्या भाषेत स्कल म्हणजे दोन हातांत दोन वल्ही. एकट्या खेळाडूच्या नावेला सिंगल, दोघांच्या नावेला डबल आणि चौघांच्या नावेला क्वाड्रपल. खेळाडूने दोन्ही हातांनी एकच वल्हं मारायचं असेल तर तो प्रकार वेगळा. अंतर २००० मीटर. नाशिक जिल्ह्यातल्या दुष्काळी चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्समध्ये तेरावा आला होता आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत क्वाड्रपलचं सुवर्ण जिंकणाऱ्या चौघांत होता. पाण्यासाठी वणवण करणाऱ्या मुलुखातला पोरगा पाण्यावर एवढा चालला. वैनगंगेच्या काठच्या आमच्या पोरांनी हे लक्षात ठेवावं.

पण माझा जीव अडकला आहे तो स्कलच्या तिसऱ्या अर्थात. नावेच्या मागच्या टोकावरून एकच वल्हं पाण्यात सोडायचं आणि ते बाहेर न काढता डावीकडे-उजवीकडे हलवत राहायचं, यालाही इंग्रजीत हाच शब्द आहे. चीन-जपानमध्ये मोठमोठ्या नावा अशा चालवल्या गेल्या. मला ही करामत पहिल्यांदा दिसली ती आमच्याच नदीवर. पूर ओसरल्यानंतरचे दिवस होते. ढिवर समाजातले एक काका डोंग्याच्या मागच्या टोकाला उभे होते. एका हातात जाळ्याची दोरी, दुसऱ्या हातात वल्हं. वल्ह्याचं पातं पाण्याखालीच डावी-उजवी जात होतं आणि डोंगा सरळ पुढे. मी म्हटलं, "काका, वल्हं मागे ओढत नाही तुम्ही, मग नाव पुढे कशी जाते?"

"काढाचंच नाही बाहेर. निस्तं हालवाचं. मासा काय शेपटी पाण्याबाहेर काढते?"

त्यांचं मनगट मी बराच वेळ पाहत राहिलो. प्रत्येक हेलकाव्याच्या शेवटी ते कुलपात किल्ली फिरवावी तसं वळायचं. सगळी गंमत त्या वळण्यात आहे.

घरातला छताचा पंखा बघा. त्याची पाती आडवी फिरतात, हवा मात्र खाली येते, कारण पाती किंचित तिरपी असतात. आता समजा, पंख्याला अर्धाच फेरा फिरवला आणि मग उलट दिशेला फिरवलं. हवा वर जाऊ लागेल. पण उलटवताना पात्यांचा तिरपेपणाही उलटवला तर हवा खालीच येत राहील. काकांचं मनगट नेमकं हेच करत होतं. पातं ज्या बाजूला चाललं आहे, त्या बाजूची त्याची कड किंचित नावेकडे वळलेली असते. त्यामुळे पाणी मागे लोटलं जातं आणि नाव पुढे जाते. दिशा बदलली की दुसरी कड पुढे.

या बलाला लिफ्ट म्हणतात. लिफ्ट म्हणजे वर उचलणं, असा पुष्कळांचा समज असतो. तो सोडून द्या. पात्यावरून पाणी ज्या दिशेने वाहतं, तिला काटकोनात असणारं बल म्हणजे लिफ्ट. विमानाच्या पंखावर ते वर असतं, आमच्या वल्ह्यावर पुढे. पाण्याच्या रोधाचं बल आडवं लागतं. एका हेलकाव्यात ते डावीकडे, पुढच्यात उजवीकडे, म्हणजे हिशेब जवळपास फिटतो. लिफ्ट दोन्ही वेळा पुढेच राहते.

थोडं गणित करू. बल = अर्धा × घनता × वेगाचा वर्ग × क्षेत्रफळ × एक गुणांक (पात्याचा आकार आणि तिरपेपणा यांवर ठरणारा आकडा). पातं ५० सेंटीमीटर लांब आणि १० रुंद, म्हणजे ०.०५ चौरस मीटर. वेग सेकंदाला १ मीटर, पाण्याची घनता १००० आणि गुणांक ०.८ धरू. उत्तर येतं २० न्यूटन, म्हणजे दोन किलोचं वजन हातावर जाणवेल तेवढं बल. वेग दुप्पट केला की बल चौपट, आठ किलो. म्हणूनच एका हातात जाळं धरूनही डोंगा चालतो.

इथे एक बारकावा आहे, आणि तो मला फार आवडतो. नाव थांबलेली असताना पात्यावर पाणी थेट बाजूने येतं. नाव वेग घेते तसं ते बाजूने आणि पुढून, असं तिरपं येऊ लागतं. लिफ्ट त्याला काटकोनात असते, म्हणजे तीही तिरपी होते आणि तिचा नाव पुढे नेणारा वाटा घटतो. मग कोन बदलावा लागतो. कोन फार वाढवला तर पात्याच्या पाठीमागे भोवरे सुटतात आणि लिफ्ट कोसळते. हा कोन काकांच्या मनगटाला आपोआप कळतो. जहाजाच्या पंख्याचा पिळही या तिरप्या पाण्याचा हिशेब करूनच ठरवलेला असतो.

दिवाळीनंतर त्या मुलीला आणि आणखी चार पोरांना मी नदीवर नेलं. काका सोबत होते, पाणी गुडघाभर. पहिल्यांदा तिचं वल्हं सरळ पाण्यावर आलं. मग डोंगा जागीच डुलत राहिला, कारण तिचं मनगट वळत नव्हतं. काकांनी तिच्या मुठीवर आपली मूठ ठेवून चार हेलकावे मारले आणि हात काढून घेतला. डोंग्याचं टोक हललं, मग दोन हात सरकलं.

जुन्या इंग्रजीत माशांच्या थव्यालाही 'सी'ने लिहिलेला स्कल म्हणत, हे मी तिला तेव्हाच सांगितलं. तिने ऐकलं की नाही कोण जाणे. ती वाकून डोंग्याखालून निघालेल्या बोटाएवढ्या माशांच्या शेपट्या बघत होती आणि मूठ तशीच डावी-उजवी वळवत होती.