ओडीटी फाइलच्या पोटात काय असते?

जर्मनीतल्या श्लेस्विग-होलश्टाइन राज्याने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केले, की सरकारी कचेऱ्यांतल्या सुमारे ३०,००० संगणकांवर यापुढे मायक्रोसॉफ्ट ऑफिसऐवजी लिबरऑफिस हा मोफत प्रोग्रामसंच वापरायचा. अशी बातमी आली की चर्चा लायसन्सच्या पैशांवर जाते. पैसे वाचतातच, पण लिबरऑफिसची खरी श्रीमंती त्याच्या फाइलच्या रचनेत आहे.

आधी थोडी ओळख. पत्रे-अहवालांसाठी रायटर, आकडेमोडीला कॅल्क, सादरीकरणाला इम्प्रेस, आकृत्यांना ड्रॉ, डेटाबेससाठी बेस आणि गणिती सूत्रांसाठी मॅथ असे सहा प्रोग्राम यात एकत्र मिळतात. लिबरऑफिस ज्यातून पुढे आले ते मूळ स्टारऑफिस जर्मनीतलेच. सन मायक्रोसिस्टिम्सने ते १९९९ मध्ये विकत घेतले आणि पुढच्याच वर्षी त्याचा सोर्स कोड (प्रोग्रामची मूळ लिखित आज्ञावली) सर्वांसाठी खुला केला. २०१० मध्ये सन कंपनी ओरॅकलकडे गेल्यावर बरेच विकासक वेगळे झाले आणि त्याच सप्टेंबरात ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’ने लिबरऑफिसची घोषणा केली. याची ओडीएफ ही फाइलपद्धत २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे (आयएसओ/आयईसी २६३००); रायटरची ओडीटी फाइल हा तिचाच एक प्रकार. तिचे नियम कोणालाही वाचता येतात.

आता फाइल उघडून बघू. रायटरच्या एखाद्या फाइलची प्रत काढा आणि प्रतीच्या नावातले शेवटचे ‘ओडीटी’ खोडून ‘झिप’ लिहा (झिप म्हणजे अनेक फाइली एकत्र बांधून त्यांचा आकार कमी करण्याची पद्धत). डबल क्लिक केले की आत छोट्या फाइलींचे गाठोडे दिसेल. ‘कंटेंट’मध्ये मजकूर, ‘स्टाइल्स’मध्ये मांडणी, ‘मेटा’मध्ये तारखा वगैरे माहिती, आणि ‘पिक्चर्स’ फोल्डरात चित्रे. अहवालातले फोटो वेगळे हवे असतील तर स्क्रीनशॉट काढायची गरज नाही, या फोल्डरातून सरळ उचला. ‘कंटेंट’ ही एक्सएमएल फाइल, म्हणजे खुणा घालून लिहिलेला साधा मजकूर, नोटपॅडमध्ये उघडली तर खुणांच्या जंगलात तुमची वाक्ये जशीच्या तशी सापडतात. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह तिथे ३ बाइट (बाइट म्हणजे साठवणीचे छोटे एकक) घेते. ‘मराठी’ म्हणजे म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी ५ चिन्हे, म्हणजे १५ बाइट.

गाठोड्यातली पहिली फाइल असते ‘माइमटाइप’, आणि तिच्यात एकच ओळ: हा कोणत्या प्रकारचा दस्तऐवज आहे. ती मुद्दाम सर्वांत आधी आणि न दाबता, म्हणजे आकार कमी न करता, ठेवतात. झिपमध्ये सुरुवातीला ३० बाइटचा मथळा, म्हणजे पुढच्या फाइलची माहिती देणारी नोंद, असतो, त्यानंतर ‘माइमटाइप’ या नावाची इंग्रजी ८ अक्षरे. त्यामुळे ३८ बाइट सोडले की ती ओळ हमखास सुरू होते आणि गाठोडे न सोडताच फाइलची जात कळते. म्हणूनच ‘नावाची शेपटी बदलली की फाइल बदलते’ ही समजूत चुकीची आहे. ओडीटीला ‘डॉकएक्स’ (मायक्रोसॉफ्ट वर्डच्या फाइलचा प्रकार) असे नाव दिल्याने आतला एकही बाइट हलत नाही. रूपांतरासाठी ‘सेव्ह ॲज’च वापरावे लागते.

फाइल बिघडते तेव्हाही हीच रचना कामी येते. झिपची अनुक्रमणिका शेवटी असते. पेनड्राइव्हवर प्रत पूर्ण उतरण्याआधीच तो उपसला तर शेपूट तुटते, अनुक्रमणिका जाते आणि फाइल उघडत नाही. पण आतल्या प्रत्येक फाइलला स्वतःचाही मथळा असतो, त्यामुळे झिप दुरुस्त करणारा प्रोग्राम एकेक मथळा शोधत पुढे जाऊ शकतो. ‘कंटेंट’ पूर्ण उतरलेली असेल तर मजकूर बचावतो. तिच्या मधलाच भाग खराब झाला असेल तर मात्र त्यापुढचे सहसा हाती लागत नाही, कारण दाबलेल्या डेटात पुढचा तुकडा मागच्याच्या आधाराने उलगडतो. पासवर्ड घातलेल्या फाइलीत ‘कंटेंट’ कूटबद्ध असते, तिथे हा उपाय चालत नाही. म्हणून लिबरऑफिसच्या ‘टूल्स’, ‘ऑप्शन्स’, ‘लोड/सेव्ह’, ‘जनरल’ इथे जाऊन बॅकअप प्रत ठेवण्याच्या पर्यायावर आजच टिक करा.

मराठीत लिहिणाऱ्यांची नेहमीची तक्रार म्हणजे ‘स्टाइलमध्ये आकार १४ केला, तरी मराठी अक्षरे १२च राहतात’. याचे उत्तरही एक्सएमएलमध्ये आहे. प्रत्येक स्टाइलमध्ये फॉन्टच्या आकाराच्या तीन नोंदी असू शकतात: लॅटिन लिपीसाठी एक, चिनी-जपानीसाठी दुसरी आणि ‘कॉम्प्लेक्स’ लिप्यांसाठी तिसरी. देवनागरी या तिसऱ्या गटात येते, आणि आपण बहुधा पहिलीच नोंद बदलतो. आधी ऑप्शन्समधल्या भाषांच्या पानावर ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ सुरू करून मराठी निवडा. मग एफ११ दाबून ‘डिफॉल्ट पॅराग्राफ स्टाइल’वर राइट-क्लिक करा, बदलण्याचा पर्याय घ्या आणि फॉन्टच्या पानावर कॉम्प्लेक्स लिप्यांच्या भागात फॉन्ट आणि आकार ठरवा. फाइल दुसऱ्याच्या संगणकावर जाणार असेल तर ‘फाइल’, ‘प्रॉपर्टीज’, ‘फॉन्ट’मधून फॉन्ट फाइलीतच जोडा. नाहीतर तिथे तो फॉन्ट नसल्यास बदली फॉन्ट येतो, अक्षरांची रुंदी बदलते आणि १० पानांचा अहवाल ११ पानांचा होतो.