मे महिन्यातल्या विहिरीला किती गुण?

रत्नागिरी, चिपळूण, कणकवलीत नव्या वसाहती झपाट्याने उभ्या राहतायत. अशी वसाहत पुढची पन्नास वर्षं नीट नांदेल का, हे मोजता येतं. एकेका इमारतीला नव्हे, तर सगळ्या वस्तीला गुण देणाऱ्या पद्धती जगात आहेत. जपानची 'कॅस्बी', ब्रिटनची 'ब्रीअम', अमेरिकेची 'लीड' यांच्या वस्त्यांसाठीच्या आवृत्त्या तशाच. बसथांबा, दुकानं, पाणी, वीज, झाडं, सगळ्याला गुण द्यायचे आणि बहुतेक पद्धतींत त्यांची बेरीज करायची.

'लीड'मध्ये बसथांबा साधारण ४०० मीटरांच्या आत लागतो आणि तोही चालण्याच्या वाटेने मोजलेला. हे मला फार पटतं. फक्त आपल्याकडे त्यात चढही धरायला हवा. पाखाडीच्या सत्तर पायऱ्या बाजाराच्या पिशव्या घेऊन चढणाऱ्या आजीला नकाशावरचं अंतर काय कामाचं?

पण कोकणाची खरी परीक्षा पाण्याची. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पडतो. म्हणजे १०० चौरस मीटरच्या छपरावर तीन लाख लिटर! शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी रोज १३५ लिटरचं प्रमाण धरतात. त्या हिशेबाने चौघांच्या घराला हे पाणी दीड वर्ष पुरावं. तरी मे महिन्यात टँकर येतो, कारण सगळा पाऊस चार महिन्यांत पडतो, जांभा दगड सच्छिद्र, उतार तीव्र, आणि पाणी पऱ्यातून, म्हणजे ओढ्यातून, बघता बघता समुद्राला मिळतं. त्यात अंगणभर काँक्रीट ओतलं की मुरण्याची उरलीसुरली वाटही बंद. वहाळ बुजवला तर ते पाणी शेजारच्या वाडीत शिरतं. ते तर गुणांच्या बेरजेत सहज हरवून जातं.

बेरजेची खोट इथेच आहे. सौर दिव्यांचे गुण कोरड्या विहिरीचे गुण भरून काढू शकतात. म्हणून पाणी हा सक्तीच्या पासाचा विषय असावा, असं माझं ठाम मत आहे.

आणि तो मोजायला यंत्र लागत नाही. दोरीला हात-हात अंतरावर गाठी मारायच्या, टोकाला दगड बांधायचा. विहिरीच्या तळाला दगड टेकला की वर ओढून ओल्या गाठी मोजायच्या. दर महिन्याच्या एक तारखेला, सकाळी, उपसा सुरू होण्याआधी. आकडा वहीत लिहायचा. यंदाच्या मेमध्ये चार गाठी ओल्या, पुढच्या मेमध्ये तीन, त्यापुढे दोन असं होत गेलं, तर नव्या इमारतीला परवानगी देण्याआधी ती वही ग्रामसभेत उघडून वाचायला हवी.