युद्धविरोधी फलक आणि देशद्रोह

‘युद्धाविरुद्ध फलक धरणं म्हणजे देशद्रोहाचा गुन्हा’, हा मेसेज नाशिकच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतो. देवळालीत तोफखान्याचं केंद्र, कित्येक घरांतलं कुणीतरी फौजेत. त्यामुळे तो मनाला लागणं साहजिक आहे. पण कायदा तसं म्हणत नाही. संविधानाचं कलम १९ शांततेनं, निःशस्त्र जमण्याचा हक्क देतं. लोक ज्याला देशद्रोह म्हणतात, त्या देशाची एकता-अखंडता धोक्यात आणण्याच्या गुन्ह्याबद्दलचं भारतीय न्याय संहितेचं कलम १५२ स्वतः उघडून वाचा. सरकारचा निर्णय कायदेशीर मार्गानं बदलावा म्हणून केलेली टीका, चिथावणी नसेल तर, या कलमाखाली गुन्हा नाही, असं त्याच्या स्पष्टीकरणातच आहे. जमावबंदीचं वेगळं. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई लागू असताना परवानगीशिवाय जमलात, तर कारवाई होते, मग विषय कांद्याच्या भावाचा का असेना. मनाई आहे का, ते पोलीस ठाण्यात विचारता येतं.