बाल्कनी केबिन (क्रूझ जहाजावरील)

बाल्कनी केबिन : क्रूझ जहाजावरील खासगी सज्जा असलेली प्रवाशाची खोली. खोलीच्या समुद्राकडच्या बाजूला काचेचे दार असते आणि दाराबाहेर दोन खुर्च्या व एक छोटे टेबल मावेल एवढी उघडी जागा, तिला कमरेच्या वर येणारा कठडा. सज्ज्याचे क्षेत्रफळ साधारण चार ते सहा चौरस मीटर भरते. जाहिरातीत खोलीचे जे क्षेत्रफळ छापतात त्यात पुष्कळदा हा सज्जाही धरलेला असतो, म्हणून आकडा वाचताना तेवढे विचारून घ्यावे. मुंबईकर घरात ज्याला ‘गॅलरी’ म्हणतो तीच ही जागा. सहल कंपन्यांच्या पत्रकांत ‘बाल्कनी’ किंवा ‘व्हरांडा’ असे छापलेले असते, आणि व्हरांडा हा शब्द तर इंग्रजीत हिंदुस्थानातूनच गेला.

खोल्यांची ढोबळ प्रतवारी चार प्रकारची : खिडकी नसलेली ‘इनसाइड’, न उघडणाऱ्या काचेची ‘ओशनव्ह्यू’, बाल्कनी आणि सुइट. पहिल्यांदा क्रूझला निघालेला माणूस यांतला एक प्रकार निवडतो आणि काम झाले असे समजतो. खरी निवड तिथून पुढे सुरू होते. एकाच जहाजावरच्या दोन बाल्कनी केबिन, त्याच मापाच्या, तशाच पलंगाच्या, प्रवासात अगदी वेगळ्या ठरू शकतात. एकीतून संध्याकाळभर सूर्यास्त दिसतो, दुसरीतून जीवरक्षक होडीचे नारिंगी छत. त्यामुळे मजला, जहाजाच्या लांबीतली जागा आणि डावी-उजवी बाजू या तीन गोष्टी बाल्कनीइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

पूर्वपीठिका

जुन्या प्रवासी आगबोटींत खासगी सज्जा ही फार थोड्यांची चैन होती. फ्रान्सच्या ‘नॉर्मंडी’वर (१९३५) सर्वांत महागड्या सुइटना स्वतःचे डेक होते. बाकीच्यांना हवा खायची तर सार्वजनिक डेकवर यावे लागे. केबिन जहाजाच्या पोलादी कायेत, पाण्यापासून फार उंच नसलेल्या मजल्यांवर असत. तिथे भिंतीला गोल खिडकीपेक्षा मोठे भोक पाडणे धोक्याचे होते. वरचे मजले दिवाणखाने, भोजनगृहे आणि जीवरक्षक होड्या यांनी भरलेले.

हा आराखडा उलटा केला तो ‘रॉयल प्रिन्सेस’ या जहाजाने. फिनलंडमधील हेलसिंकी येथे बांधलेल्या या जहाजाचे नामकरण नोव्हेंबर १९८४ मध्ये साउदॅम्प्टन बंदरात राजकन्या डायना हिच्या हस्ते झाले. दिवाणखाने आणि भोजनगृह खाली नेले आणि केबिन वर चढवल्या. त्यामुळे सर्वच्या सर्व केबिन बाहेरच्या बाजूला आल्या आणि त्यांतल्या बऱ्याच खोल्यांना सज्जेही मिळाले. तरीही ते महागडे जहाज होते. सज्जा सर्वसाधारण प्रवाशाच्या आवाक्यात आणला तो १९९५ च्या ‘सन प्रिन्सेस’ने. इटलीत बांधलेल्या या जहाजावर ४०० हून अधिक बाल्कनी केबिन होत्या. त्यानंतरच्या जहाजांवर होड्या खालच्या मजल्यांशी टांगल्या जाऊ लागल्या, त्यांच्या वरची संपूर्ण भिंत मोकळी झाली आणि तिच्यावर ओळीने सज्जे बसले. आजचे मोठे क्रूझ जहाज लांबून पाहिले की समुद्रात उभ्या केलेल्या गृहसंकुलासारखे दिसते, त्याचे कारण हेच.

२००९ च्या ‘ओएसिस ऑफ द सीज’ने आणखी एक पाऊल टाकले. जहाजाचा मधला भाग उघडा ठेवून तिथे खऱ्या झाडांची बाग केली आणि आतल्या भिंतींनाही सज्जे दिले. या सज्ज्यातून समुद्र दिसत नाही, बाग आणि समोरच्यांचे सज्जे दिसतात. आरक्षण करताना ‘बाल्कनी’ एवढाच शब्द वाचून ही खोली घेतलेल्याची निराशा होते, म्हणून या प्रकाराचे नाव नीट वाचावे.

मजला आणि जागा

जहाज मुख्यतः दोन तऱ्हांनी हलते. नाकाचा भाग वरखाली होतो आणि शेपटाचा त्याच्या उलट, ही एक. दुसरी, डाव्या-उजव्या कुशीवर डोलणे. पहिली हालचाल दोन्ही टोकांना जास्त जाणवते, दुसरी जितके वर जाल तितकी वाढते. ज्याला बोट लागते त्याने म्हणूनच लांबीच्या मध्याजवळची आणि बाल्कनी मिळेल त्यातल्या त्यात खालच्या मजल्यावरची खोली घ्यावी. जहाजाच्या पोटातून बाहेर निघणारे पंख कुशीवरचे डोलणे बरेच कमी करतात, पण टोकांच्या वरखाली होण्यावर त्यांचा फारसा इलाज चालत नाही.

उंचीचे आकर्षण स्वाभाविक आहे. पाण्यापासून ३० मीटर उंचीवरच्या सज्ज्यातून क्षितिज सुमारे २० किलोमीटरवर असते, १० मीटरवरून साधारण ११ किलोमीटरवर. परंतु खालच्या सज्ज्यातून पाणी जवळ असते. जहाजाच्या अंगावर आपटून फुटणाऱ्या लाटेचा आवाज ऐकू येतो, उडणारे मासे आणि डॉल्फिन ओळखू येतात. वरून तेच ठिपके होतात. माझ्या मते पहिल्याच प्रवासासाठी मधला मजला सर्वांत समाधानाचा.

डोक्यावर आणि पायाखाली काय आहे हे पाहणे तितकेच गरजेचे. जलतरण तलावाच्या डेकच्या बरोबर खाली खोली असेल तर पहाटे आरामखुर्च्या ओढण्याचा खरखराट झोप मोडतो. नाट्यगृहावर किंवा नाचघरावर असेल तर मध्यरात्रीपर्यंत ढोल जाणवतो. वरही केबिन आणि खालीही केबिन असलेला मजला शांत. हे सगळे जहाजाच्या मजल्यावार नकाशावर, म्हणजे डेक प्लॅनवर, दोन मजल्यांचे कागद एकावर एक ठेवून पाहता येते. त्याच नकाशात शेजारच्या दोन खोल्यांना आतून जोडणाऱ्या दाराची खूण असते. दोन कुटुंबे बरोबर असतील तर अशा जोडखोल्या सोयीच्या, एरवी त्या दारातून शेजारचे बोलणे ऐकू येते. ‘ऑब्स्ट्रक्टेड’ असा शेरा असेल तर समोर होडी किंवा पोलादी खांब आहे असे समजावे.

जहाजाच्या शेपटाकडचे सज्जे जाणकारांचे लाडके. समोर पांढऱ्या फेसाचा पट्टा क्षितिजापर्यंत उलगडत जातो आणि जहाजाच्या आडोशामुळे वारा कमी असतो. मात्र बंदरात जहाज लावताना यंत्रांची थरथर इथे सर्वांत जास्त, आणि कधी धुराड्याची काजळी खुर्चीवर बसलेली आढळते. नाकाकडच्या सज्ज्यांचा प्रश्न वाऱ्याचा. जहाज २० नॉट, म्हणजे ताशी ३७ किलोमीटर वेगाने चालले असेल आणि समोरून १५ नॉटचा वारा असेल, तर सज्ज्यात ताशी ६५ किलोमीटरचा झोत येतो. त्यात चहाचा पेला टेबलावर टिकत नाही. समोर तोंड असलेल्या खोल्यांना रात्री पडदे लावून ठेवण्याची सूचनाही असते, कारण सुकाणूखोलीतून अंधारात पाहणाऱ्यांच्या डोळ्यांवर तो उजेड येतो.

डावी बाजू की उजवी

जहाजाच्या नाकाकडे तोंड करून उभे राहिल्यावर डावीकडची ती ‘पोर्ट’, उजवीकडची ‘स्टारबोर्ड’. बाजूचा विचार मुंबईच्या बंदराशी जोडणारा एक जुना किस्सा आहे. इंग्लंडहून मुंबईला येणारे श्रीमंत इंग्रज येताना डाव्या आणि परतताना उजव्या बाजूची केबिन मागत, त्यांच्या तिकिटावर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ची आद्याक्षरे छापत आणि त्यावरून ‘पॉश’ हा शब्द आला, असे सांगतात. असे एकही तिकीट कधी सापडलेले नाही आणि शब्दकोशकार ही व्युत्पत्ती मानत नाहीत. भूगोल मात्र खरा आहे. पूर्वेकडे येणाऱ्या जहाजाची डावी बाजू उत्तरेला असते, ऊन दक्षिणेकडून येते, आणि तांबड्या समुद्रात दक्षिणेकडे उतरताना डाव्या बाजूला दुपारनंतर सावली पडते. वातानुकूलन नसलेल्या काळात झोपण्याच्या वेळी थंड असलेली खोली ही मोठी गोष्ट होती.

सज्ज्यासाठी हेच गणित आजही लागू पडते. मुंबईहून गोव्याकडे जाणारे जहाज दक्षिणेला जाते, म्हणून उजवा सज्जा पश्चिमेच्या उघड्या अरबी समुद्राकडे आणि डावा कोकण किनाऱ्याकडे. जाताना सूर्यास्त उजवीकडे, सकाळचे ऊन डावीकडे. जहाज किनाऱ्यापासून बरेच आत समुद्रात असेल तर दिवसा डावीकडेही पाणीच दिसते, रात्री मात्र मासेमारी होड्यांचे दिवे लागतात. परतीच्या वाटेवर सारे उलटे होते. म्हणून जाऊन-येऊन एकाच जहाजाचा प्रवास असेल तर बाजूचा फार विचार करू नये, दोन्ही वाट्याला येते. भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या कोकण बोटीने ज्यांनी पूर्वी प्रवास केला त्यांना हे सांगावे लागत नाही. तिथे केबिनचा प्रश्नच नसे, उघड्या डेकवर सतरंजी पसरताना लोक उन्हाची बाजू पाहून जागा धरत.

एकेरी प्रवासात बाजू निर्णायक ठरते. व्हँकूव्हरहून अलास्काकडे उत्तरेला जाताना मुख्य भूमी उजवीकडे राहते. हिमनदीसमोर मात्र जहाज जागच्या जागी सावकाश फिरवतात, त्यामुळे दोन्ही बाजूंना तो निळा बर्फ दिसतो. बंदरात कोणती बाजू धक्क्याला लागेल हे त्या बंदरावर आणि कप्तानावर अवलंबून, त्यावर पैसे लावू नयेत.

सज्ज्यातले दिवस

पहिल्या सकाळी दार उघडावे तर ते घट्ट बसलेले असते. मूठ पूर्ण खाली दाबून जोर लावला की आधी शीळ घातल्यासारखा वारा आत येतो आणि मग उष्ण, दमट, खारी हवा. कठड्याला हात लावला की तळव्याला चिकट मिठाचा थर लागतो. काच धुतलेली असली तरी दुसऱ्या दिवशी तिच्यावर पांढुरके ठिपके उमटतात. दार उघडे ठेवून झोपावे असे वाटते, पण अनेक जहाजांवर दार उघडताच खोलीचे वातानुकूलन आपोआप बंद होते. सज्ज्याचे दार उघडे असताना खोलीचे दारही कोणी उघडले तर वाऱ्याच्या ओढीने जड दार धाडकन आपटते आणि बोटे सापडतात. कपडे कठड्यावर वाळत घालू नयेत, ते समुद्रात जातात. लहान मूल बरोबर असेल तर खुर्च्या आणि टेबल कठड्यापासून दूर, भिंतीला लावून ठेवावे. अमेरिकेच्या २०१० च्या कायद्याने तिथल्या बंदरांशी जोडलेल्या क्रूझ जहाजांच्या कठड्याची उंची किमान ४२ इंच ठरवली आहे. मूल खुर्चीवर चढले की या उंचीला अर्थ उरत नाही.

आग आणि नियम

सज्ज्यात सिगारेट ओढायला बहुतेक कंपन्या आज मनाई करतात. यामागे एक दुर्घटना आहे. २३ मार्च २००६ च्या पहाटे जमैकाकडे निघालेल्या ‘स्टार प्रिन्सेस’ या जहाजाच्या एका सज्ज्यात आग लागली. टाकून दिलेल्या सिगारेटच्या थोटकामुळे ती लागली असावी असा चौकशीचा निष्कर्ष होता. सज्ज्यांमधले आडपडदे, खुर्च्या आणि जमिनीच्या फरश्या प्लॅस्टिकच्या होत्या. दहाएक मिनिटांत आग वरच्या मजल्यांवर आणि शेजारच्या विभागांत पोचली. खोल्यांच्या आत आग विझवणारे फवारे होते, त्यांनी ती आत फैलावू दिली नाही, पण सज्ज्यांत फवारे नव्हते. एका प्रवाशाचा धुराने मृत्यू झाला. त्यानंतर ‘सोलास’ या समुद्रावरील जीविताच्या सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय करारात दुरुस्ती झाली आणि ती १ जुलै २००८ पासून लागू झाली : सज्ज्यात सहज पेट न घेणारे सामान, किंवा मग पाण्याचे फवारे आणि आग ओळखणारी यंत्रणा.

उपप्रकार

नदीवरच्या बोटींत ‘फ्रेंच बाल्कनी’ असते. यात बाहेर पाऊल ठेवायला जागा नसते, मोठी काच सरकवून कठड्याशी उभे राहायचे. ऱ्हाइन-डॅन्यूब मार्गावरच्या जलपाशांमुळे, म्हणजे पाणी भरून-सोडून बोट वरखाली नेणाऱ्या अरुंद कुंडांमुळे, या बोटींची रुंदी साधारण साडेअकरा मीटरवर अडते, त्यामुळे खरा सज्जा दिला तर तो खोलीतून कापावा लागतो. ‘सेलिब्रिटी एज’ (२०१८) या जहाजाने खोली आणि सज्जा एक करून वरची काच बटणाने खाली घेण्याची सोय आणली. आतल्या खोलीत बाहेरच्या कॅमेऱ्याचे चित्र दाखवणारा भिंतीएवढा पडदा, म्हणजे ‘व्हर्च्युअल बाल्कनी’, २०१४ पासून आहे. तिच्यात वारा नाही.

आरक्षण

‘गॅरंटी’ दराने आरक्षण केले तर प्रकार पक्का मिळतो, खोलीचा क्रमांक कंपनी नंतर ठरवते. पैसे वाचतात, पण मजला, जागा, बाजू यांतले काहीच हाती राहत नाही. ज्याला बोट लागते, किंवा ज्याच्याबरोबर वयस्क आई-वडील आहेत आणि लिफ्ट जवळ हवी आहे, त्याने हा दर घेऊ नये. सिंगापूरहून निघणाऱ्या तीन-चार रात्रींच्या सफरीत, जिथे दिवसाचा बराच वेळ डेकवर आणि खेळांत जातो, आतली खोली घेऊन वाचलेले पैसे किनाऱ्यावरच्या सहलीला वापरणे शहाणपणाचे. अलास्का किंवा नॉर्वेच्या फ्योर्डमध्ये (उंच कड्यांमधल्या अरुंद खाड्यांत), जिथे दृश्य हाच प्रवास आहे, तिथे सज्ज्याचे पैसे पुरेपूर वसूल होतात.

सज्जा किती मोलाचा ठरू शकतो हे फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात दिसले. ‘डायमंड प्रिन्सेस’ जहाजावरच्या ३,७११ लोकांना करोनाच्या साथीमुळे विलग ठेवले होते, त्यांतल्या ७१२ जणांना लागण झाली. सज्जेवाल्यांना दिवसभर मोकळी हवा होती. खिडकी नसलेल्या खोल्यांतल्या प्रवाशांना ठरावीक वेळच डेकवर येऊ देत. त्या जहाजावर शंभराहून अधिक भारतीय कर्मचारी होते. गोवा आणि कोकणातली कित्येक माणसे अशाच जहाजांवर स्वयंपाकघरात, खोल्यांच्या देखभालीत आणि डेकवर कामाला असतात. कठड्यावरचे मीठ तेच धुतात, बहुधा जहाज बंदरात उभे असताना, प्रवासी गाव पाहायला उतरल्यावर. त्यांच्या स्वतःच्या केबिन सामान्यतः खालच्या मजल्यांवर, पाण्याच्या पातळीलगत किंवा तिच्याही खाली असतात. दोघांत मिळून एक खोली, पुष्कळदा बिनखिडकीची.